भागिरथेचा होकार

भागिरथा पडघान हिला खोटं बोलता येत नव्हतं. यात तिची फार थोरवी होती असं कुणी समजू नये. एखाद्याला पोहता येत नाही, एखाद्याला शिट्टी वाजवता येत नाही, तसं तिला ते जमत नसे. वाशीमच्या बाजारात ती कधीमधी रानभाजी घेऊन बसे. गिऱ्हाइकानं विचारलं, "ताजी हाये ना व?" की ही बया स्वतःच्याच टोपलीत बोट घालून सांगे, "वरची आजची हाये, खालची कालची." शेजारच्या भाजीवाल्या कपाळाला हात लावत. नवराही हसे आणि म्हणे, "हिले संग घेऊन चोरी कराची सोय नाई."

ही खोड तिला माहेरी, कामरगावात लागली. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. तिचा बाप उकंडराव यानं घरातले देव टोपलीत घालून स्वतःच्या हातानं पाण्यात सोडले आणि त्या दिवसापासून जेवणाआधी पोरांना ओळीनं बसवून पंचशील म्हणायला लावलं. आता पाच शीलांपैकी पोरांच्या वाट्याला येणार काय? दारूचं वय नव्हतं, आणि चोरी करावी असं आसपास कुणाच्या घरात काही नव्हतं. रोजच्या वापरातलं असं एकच शील हाताशी होतं, खोटं न बोलण्याचं. भागिरथेनं ते घट्ट धरलं. बाकीची भावंडं मोठी झाली तशी जगासारखी थोडी सैल झाली, ही झाली नाही.

लग्न होऊन ती वाशीमला आली. नवरा देवमन रेल्वेत गँगमन होता, दिवसभर रुळांच्या डागडुजीवर असायचा. स्टेशनामागच्या वस्तीत टिनाचं घर, घरात सासरा ग्यानबा, आणि लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत झालेली गौतमी. देवमन वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे, आणि आला तर तो आवरायचंही काही कारण नाही. पगार घरी आणायचा, बायकोवर हात टाकायचा नाही, विहारात सतरंजी अंथरायला सगळ्यांच्या पुढे. ग्यानबा तर वस्तीचा आधार. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण कुणाचा अर्ज कुठल्या कचेरीत द्यायचा, कुठल्या साहेबाला कधी गाठायचं, हे त्याला विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नसे.

त्र्याहत्तर साली भागिरथेला मुलगा झाला आणि नाव ठेवायच्या आधीच गेला. बाईनं रडून घेतलं असतं तर कदाचित निभावलं असतं. ती रडली नाही. तिची झोप उडाली, आणि मग तिला ते रडणं ऐकू यायला लागलं. लेकरू रडतंय, इथेच कुठेतरी, भिंतीपलीकडे, आणि कुणी त्याला उचलून घेत नाही. ती घरोघर जाऊन विचारायची, "आमचं लेकरू इकडं आनलं का व कोनी?" पदर दुधानं ओला झालेला, डोळे ताठ. एकदा रुळाच्या कडेकडेनं चालत निघाली ती थेट पुढच्या स्टेशनाजवळ सापडली. देवमन कामावर, म्हातारा थकलेला. दार बाहेरून लावून घेतलं तर ती दारावर हात आपटायची, मनगटं सुजेपर्यंत. हे सगळं खरं. पण त्या सगळ्या दिवसांत तिनं कुणावर साधं बोटही उगारलं नाही, आणि ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. चार वर्षांच्या गौतमीला ती भरवायची, तिच्या वेण्या घालायची. नजर भलतीकडे असे, पण हात मऊच असे.

देवमनच्या गँगमध्ये बंजारा तांड्यावरचा रूपला होता. भला माणूस. तो म्हणाला, "पोहरादेवीले घेऊन चाल तिले. थोडे दिवस देवीपुढं बसव तिथं. माही बहीन तिथंच बरी झाली." देवमनचं मन डळमळलं. त्यानं घरी विषय काढला मात्र, ग्यानबा ताडकन उठून बसला.

"देव पान्यात सोडले ते काय सुनेच्या निमित्तानं पुन्हा वर काढाले? भगत नाई, धागा नाई, दोरा नाई. आपल्यापाशी आता कायदा हाये. आपन कायद्यानं जाऊ."

म्हाताऱ्याला कुणी हसू नये. ज्या विहिरीवर त्याच्या बापाला पाय ठेवता आला नव्हता, त्या विहिरीचं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत कायद्यानं त्याच्या घागरीत आलं होतं. पोरगा कायद्यानंच नोकरीला लागला होता. ज्या कायद्यानं एवढं केलं तो एका सुनेला बरी करणार नाही? त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी हेच म्हणाला असता. फक्त हा कायदा त्याच्या ओळखीचा नव्हता, एवढं त्याला कुणी सांगितलं नाही. तो होता एकोणीसशे बाराचा, गोऱ्या साहेबाच्या राज्यातला, नावापासूनच वेड्यांचा. तरी त्या कायद्यानं माणसाला जपायची काही सोय ठेवलेली होती, हे कबूल केलं पाहिजे. घरच्यांनी म्हटलं आणि नेऊन डांबलं, असं करता येत नव्हतं. अर्ज हवा, दोन डॉक्टरांचे दाखले हवेत, मॅजिस्ट्रेटनं त्या माणसाला स्वतः समोर घेऊन पाहायला हवं. कागदावर सगळं ठीक होतं.

बापलेक अर्जनवीसाकडे गेले. कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारा हा माणूस. अर्धी वस्ती त्याच्या अक्षरातूनच सरकारशी बोलायची. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि लेखणी खाली ठेवली.

"झोपत नाही, हिंडते, कानात आवाज येतात. एवढ्यावर साहेब काही करणार नाही. म्हणेल, घरी सांभाळा. कुणाला मारलं? कुणाच्या अंगावर धावून गेली?"

"नाई जी," देवमन म्हणाला.

"बघा आठवून. तसं काही असल्याशिवाय अर्ज उभा राहत नाही."

आता इथे वस्तीची एक रीत सांगायला हवी. अर्ज म्हटला की तो चढवून लिहायचा. छप्पर गळत असेल तर भिंत पडली लिहायचं, भिंत पडली असेल तर माणूस दाबला गेला लिहायचं, तेव्हा कुठे कारकून मान वर करून बघायचा. साहेब त्यातलं निम्मं सोडून देतो आणि उरतं ते खरं असतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. त्याला कुणी खोटं म्हणतच नव्हतं, ती अर्जाची भाषा होती. ग्यानबानं उभ्या जन्मात असे कितीतरी अर्ज लिहवून घेतले होते आणि त्यांतल्या कितीतरी अर्जांनी लोकांचं भलं झालं होतं.

"लेहा," ग्यानबा म्हणाला. "चुलीपाशी पोरीवर इळा उगारला, असं लेहा. म्या उचललं म्हनून वाचली पोरगी."

देवमननं बापाकडे पाहिलं, आणि अर्ज लिहून झाल्यावर खाली सही केली.

मॅजिस्ट्रेटपुढे भागिरथेला नेलं तेव्हा तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. साहेबानं नियमाप्रमाणे तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. वार विचारला, तोही बरोबर सांगितला. मग साहेबानं देवमनला शपथ घ्यायला लावली. शपथेवर खोटं सांगितलं तर कैद होते, हे कारकुनानं त्याला आधीच बजावून ठेवलं होतं. सगळ्यांनाच बजावत असे. देवमननं खाली मान घालून सांगितलं, "हिनं माह्या पोरीवर इळा उगारला."

भागिरथेनं मागे वळून पाहिलं. कोण ही बाई, जिनं लेकरावर इळा उगारला? मागे कुणी बाई दिसेना. तिला त्या बाईची कीवच आली, आणि तिच्या लेकराची त्याहून जास्त. भिंतीपलीकडचं रडणं चालूच होतं, त्यात तिला एवढंच सुचलं. विळा उगारलास का, हे तिला त्या दिवशी कुणी विचारलं नाही. दोन्ही डॉक्टरांनी दाखल्यात 'घरच्या माणसांनी सांगितलेली हकिकत' म्हणून विळा लिहिला, साहेबानं हुकमात लिहिला, आणि भागिरथेच्या बाजूनं चार शब्द बोलायला त्या खोलीत कुणी नव्हतं.

तिला मोठ्या शहरातल्या इस्पितळात पाठवलं. तिथे सगळंच वाईट झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल, आणि निदान या बाईची गोष्ट सांगताना तरी खोटं सांगू नये. गोळ्यांनी तिला झोप आली. काही महिन्यांनी एका सकाळी ती जागी झाली आणि तिच्या लक्षात आलं की रडणं थांबलंय. मग ती रडली, मेलेल्या लेकरासाठी, जसं आधीच रडायला हवं होतं तसं. वॉर्डातल्या बायकांनी तिला रडू दिलं. त्यानंतर ती उभी राहिली, वॉर्ड झाडू लागली, म्हाताऱ्या बायकांना आंघोळी घालू लागली. एवढंच वाटायचं, आता घरी जावं आणि गौतमीला जवळ घ्यावं.

डॉक्टर तिला म्हणाला, "बाई, तुम्ही बऱ्या दिसता. आता मला सांगा, मुलीवर विळा का उगारलात?"

"म्या नाई उगारला."

"तुमच्या नवऱ्यानं कोर्टात सांगितलंय."

"नसन सांगतलं, सायेब. म्या उगारलाच नाई तं ते कसे सांगतीन?"

डॉक्टर दुष्ट नव्हता. त्याच्याकडे नको तितके रोगी होते, आणि घरी गेलेल्या एखाद्या बाईनं पोराला मारलं तर लोक त्यालाच धरणार होते. त्यानं तिला समजावून सांगितलं, "आजारात काय केलं ते ओळखता आलं, की आजार गेला असं आम्ही धरतो. तुम्हाला अजून ते ओळखता येत नाही." आणि लिहून ठेवलं की बाईला आजाराची जाणीव नाही. पुढच्या खेपेला अर्जातली हकिकत वाचून दाखवून पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. खरं बोलली की ती वेडी ठरत होती, आणि तिला तर खरंच तेवढं येत होतं.

तिच्या शेजारच्या खाटेवर भंवरीबाई होती. कारंज्याकडच्या एका जैन व्यापाऱ्याच्या घरातली, वयानं मोठी, आणि तिथे इतकी वर्षं राहिलेली की नव्या नर्सा तिला विचारून कामं करत. ही बाई दिवस मावळला की तोंडात पाणी घालत नसे, जन्माची रीत. इस्पितळाचं रात्रीचं जेवण दिवे लागल्यावर यायचं. ती ताट परत करायची आणि नर्स लिहायची, 'अन्न नाकारते.' तेवढ्यावरून ती वर्षानुवर्षं आजारी होती. भागिरथेनं सकाळची भाकर पदराखाली ठेवून ऊन असताना तिला द्यायला सुरुवात केली. बाहेर असत्या तर दोघी एकमेकींच्या ओसरीलाही टेकल्या नसत्या.

भंवरीबाई तिला म्हणाली, "तू हो म्हण न बाई. त्यांना हो पाहिजे, देऊन टाक."

"नाई झालं ते हो कसं म्हनू? मंग घेतल्या शीलाचं काय?"

"तुझ्यासाठी कोणी तरी फाटकात येऊन उभं राहतं. माझा मुलगा अजितकुमार फळं पाठवतो, स्वतः येत नाही. मी हजार वेळा हो म्हटलं तरी मला न्यायला कोण आहे? तुला आहे. तू जा."

भागिरथा हो म्हणाली नाही. वर्ष गेलं. तिची सगळी भिस्त देवमनवर होती. कायद्यात असं होतं, की ज्यानं अर्ज करून पाठवलं त्यानंच लेखी मागितलं तर बाईला सोडावं. त्यालाच पुढे एक शेपूट होतं: ती धोकादायक आहे असं डॉक्टरनं लिहिलं तर सोडू नये. देवमन लेखी मागणी घेऊन आला. व्हरांड्यात भागिरथेला बोलावलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ती हसलीसुद्धा. डॉक्टरनं देवमनला सरळ विचारलं, "ही म्हणते तसं काही घडलंच नाही. नीट सांगा, घडलं होतं की नाही?"

एका शब्दात सगळं सुटलं असतं. देवमनच्या ओठावर तो आलाही होता. पण त्याला कारकून आठवला, शपथ आठवली, कैद आठवली. कैद झाली की नोकरी गेली. बायको इथे, आपण तुरुंगात, म्हातारा खाटेवर, मग गौतमीला खाऊ घालणार कोण?

"घडलं, सायेब," तो म्हणाला.

भागिरथा त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टरनं मागणी नामंजूर केली आणि देवमन जिना उतरून गेला. त्यानंतर तो यायचाच बंद झाला. तोंड दाखवायची लाज वाटते, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि न सांगितलेल्या लाजेचा बायकोला काही उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून भागिरथेच्या मनात किडा शिरला. देवमननं तिच्या शेजारी बसून तेच शील घेतलं होतं. तो खोटं बोलतो असं मानायचं, की आपल्याच डोक्यातून ती वेळ निसटली असं मानायचं? आणि आपलं डोकं काही भरवशाचं नव्हतं, हे तर तिला पुरतं कळलं होतं. ज्या डोक्यानं नसलेलं रडणं महिनोन्‌महिने ऐकलं, त्याच डोक्यानं उगारलेला विळा विसरला नसेल कशावरून? ती वॉर्ड झाडता झाडता थांबायची आणि उजव्या हाताकडे बघत बसायची. खरं काय ते एकच माणूस सांगू शकेल, असं तिनं ठरवलं: गौतमी. ती तिथेच होती. पण गौतमीला विचारायचं तर घरी जायला हवं, आणि घरी जायचं तर आधी हो म्हणायला हवं.

इस्पितळाची तपासणी करणारी कमिटी आली. तीन-चार मोठी माणसं टेबलामागे बसली होती.

"बाई, मुलीवर विळा उगारला होता का?"

"हो जी."

तिचे कान तापले. बाप समोर बसलाय असं तिला वाटलं. टेबलामागचे चेहरे मात्र एकदम सैल पडले.

"कोणत्या हातात होता?"

"उजव्या."

"मुलगी कुठे होती?"

"चुलीपाशी."

"मग काय झालं?"

"मंग सासरा आला. त्याईनं पोरीले उचललं."

डॉक्टर पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला. पण एकदा म्हणून भागलं नाही. बाई खरंच सुधारली की नुसतं म्हणते, हे पाहायला त्यांनी दर खेपेला तेच विचारलं. चुलीत जाळ होता का? होता. मुलगी रडली का? रडली. तिच्या अंगात काय होतं? भागिरथेनं हिरवा झगा सांगितला. तिला वाटायचं, आपण रचून सांगतोय. मग हळूहळू असं व्हायला लागलं की उत्तर शोधावं लागेना. डोळे मिटले की चूल दिसायची, हिरवा झगा दिसायचा, आणि वर उचललेला आपलाच हात दिसायचा. तो हात आपण पाहिला होता, की साहेबांना सांगून सांगून केला होता, हे तिला सांगता येईना.

शहात्तर साली तिला सोडलं. इस्पितळाचं पत्र गेल्यावर देवमननं येऊन हमीपत्रावर सही केली, की हिला नीट सांभाळीन आणि हिच्या हातून कुणाला इजा होऊ देणार नाही. निघताना भागिरथेनं भंवरीबाईचे पाय धरले. भंवरीबाईनं तिला उठवलं आणि पाठ फिरवून खाटेवर पडली.

घरी आली तर दारात गौतमी उभी होती, उंच झालेली, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. भागिरथेनं हात पुढे केले. पोरगी आजोबाच्या मागे सरकली.

त्याचंही कारण होतं. सून इस्पितळात गेल्यावर वस्तीनं ग्यानबाला बोल लावले होते: पोहरादेवीले नेलं असतं तं घरी राह्यली असती, म्हाताऱ्यानं कायदा कायदा करून सून कोंडून टाकली. म्हाताऱ्याला ते सोसेना. मग जो विचारेल त्याला तो सांगायचा, "चुलीपाशी पोरीवर इळा घेऊन धावली बाप्पा, म्या उचललं म्हनून वाचली. पाठवू नाई तं काय करू?" ओसरीवर, विहारात, नळावर. गौतमी त्याच्याच मांडीवर बसलेली असायची.

आल्या दिवसापासून भागिरथेनं विळ्याला हात लावला नाही. निंदणाला गेली तर खुरपंही दुसरीच्या हातात द्यायची आणि आपण हातानं गवत उपटायची. भाजी चिरायला शेजारणीकडे न्यायची. देवमनला ते बघवेना. एका सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, त्यानं तिला समोर बसवलं. ग्यानबा बाजूला खाटेवर होता, गौतमी उंबऱ्यापाशी चिंचोके खेळत होती.

"भागिरथे, तू काई केलं नवतं. इळा भिंतीले लटकून होता. अर्जात लेहा लागते म्हनून लेहलं."

ती शांतपणे ऐकत होती. "मंग इस्पितळात काहून सांगतलं तसं? तिथं तं अर्ज नवता."

"भेव वाटलं मले. कैदेचं."

"डॉक्टरसायेब म्हनेच," ती म्हणाली, "का घरचे लोक मायेनं सांगतीन, तू काई केलंच नाई. त्याईचं आयकलं का आजार पलटून येते."

"अवं मायेनं नाई! खरं सांगून राह्यलो!"

"तुमी तवाबी खरंच सांगत होते."

देवमननं बापाकडे पाहिलं. ग्यानबाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "पोरी, म्याच लेहाले लावलं," तो म्हणाला. "ह्या तोंडानं."

भागिरथा दोघांकडेही बघेना. इतके दिवस ती जे टाळत होती ते तिनं केलं. उंबऱ्याकडे वळून म्हणाली, "गौतमी, इकडं पाह्य. भेऊ नको बाई. तू तं होती ना तिथं. म्या तुह्यावर इळा उगारला होता का?"

पोरीचे हात थांबले. तिनं बापाकडे पाहिलं, आजोबाकडे पाहिलं. देवमन मान हलवून तिला नाही, नाही, असं सांगत होता.

"हो," गौतमी म्हणाली. "मले आठवते. तू चुलीपाशी आली होती. मी रडली. मंग आबाजीनं मले उचललं."

"खोटं!" देवमन ओरडला. "कोन सांगतलं तुले हे? बोल, कोन सांगतलं?"

"कोनीच नाई सांगतलं," पोरगी रडायला लागली. "मले दिसते ते, बाबा. मले सपनातबी दिसते."

आणि ती खोटं बोलत नव्हती. आईचंच लेकरू ते. तिला खरंच दिसत होतं.

ग्यानबानं पुन्हा एकदा सांगायचा प्रयत्न केला, पण पोरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. आई घरी आली म्हणून आता सगळे तिच्या चुकीवर पांघरूण घालताहेत, एवढं न कळण्याइतकी ती लहान राहिली नव्हती. देवमन भिंतीला टेकून बसला. जगात खरं काय ते माहीत असलेली दोनच माणसं होती, आणि त्या दोघांवर आता कुणाचा विश्वास नव्हता.

भागिरथेनं मात्र लांब श्वास सोडला. कमिटीसमोर हो म्हटलं तेव्हापासून एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती: घरी यायच्या लोभापायी आपण खोटं बोललो, बापानं लावून दिलेलं शील मोडलं. रोज झोपेतून उठताना आधी तेच आठवायचं. ते ओझं आता गेलं. इतक्या वर्षांत तिचा चेहरा एवढा मोकळा कुणी पाहिला नव्हता, आणि तो पाहून देवमनला रडू आवरेना.

"म्हंजे म्या खोटं नाई सांगतलं," ती म्हणाली.

ती उठली, आपलं अंथरूण काढलं आणि ओसरीच्या पार टोकाला नेऊन टाकलं. यापुढे आपण इथेच निजणार, असं तिनं सांगितलं. आणि देवमनला म्हणाली, "रात्री दाराले आतून कडी लावून घेत जा. पोरगी आत हाये."

देवमननं ती कधी लावली नाही. गौतमी लावायची.